मधलं हातभर कापड

आमच्या गल्लीतून गॅसचं सिलिंडर जात नाही. पूर्वी जायचं. हाम्बिस आपली तीनचाकी थेट चर्चच्या कोपऱ्यापर्यंत घालायचा. आता तो गाडी वरच्या गल्लीत लावतो, सिलिंडर खांद्यावर घेतो, पायऱ्या उतरतो आणि आमच्या दाराशी आला की ते खाली ठेवून एक वाक्य बोलतो. वाक्य दर वेळी वेगळं असतं, पण त्यात माझी आई आणि मावशी दोघी असतात.

कारण गल्लीच्या मधोमध दोन खुर्च्या आहेत. एकीवर माझी आई, मिलिया. तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या खुर्चीवर तिची धाकटी बहीण, झिनोविया मावशी. दोघींच्या मांड्यांवर कापडाची एकेक गुंडाळी, आणि दोन गुंडाळ्यांच्या मधे हातभर कोरं लिनन. माझ्या लग्नाचा टेबलक्लॉथ.

सायप्रसमधल्या आमच्या लेफ्काऱ्यात बाईनं दारात खुर्ची टाकून भरतकाम करणं यात नवल काहीच नाही. आमच्याकडे घर बांधताना आधी बायको कुठे बसेल ते बघतात, मग स्वयंपाकघर कुठे ते. उजेड लागतो आणि गिऱ्हाइकं लागतात. दोन्ही गल्लीतच मिळतात. आईचं आणि मावशीचं घर समोरासमोर. मी शाळेत होते तेव्हा दोघींनी ठरवलं, की मिरोच्या लग्नाचं कापड दोन टोकांनी एकदम सुरू करायचं, म्हणजे लवकर होईल. मिरो म्हणजे मी, मिरोफोरा. आई आपल्या पायरीवर बसली, मावशी आपल्या पायरीवर, आणि कापड मधे दोरीवर घातल्यासारखं गल्ली ओलांडून गेलं. लोक खालून वाकून जायचे, हाम्बिसची गाडी आली की दोघी उभ्या राहून कापड डोक्यावर धरायच्या. उंच पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवायचो.

भरून झालेला भाग मांडीवर गुंडाळायचा, आणि कापड जमिनीला टेकू द्यायचं नाही. एवढेच दोन नियम. त्यामुळे काम जसं पुढे सरकलं तशा खुर्च्याही सरकल्या. आधी पायरीवरून खाली आल्या. मग गटारापाशी आल्या. मग गटार ओलांडून आल्या, आणि त्या दिवशी हाम्बिस म्हणाला, "संपलं. आता माझी गाडी समुद्रातून आणतो."

हे सगळं प्रेमानं झालं असतं तर गल्लीनं सोसलं असतं. पण वाटेत कुठेतरी दोघींचं बोलणं बंद झालं होतं.

झालं असं, की बसमधून उतरलेली एक जर्मन बाई मावशीकडे आली आणि आईकडे बोट करून म्हणाली, "समोरच्या बाईंचं काम हातचं आहे ना, मशीनचं नाही ना?" यावर आमच्या गावात एकच उत्तर असतं. हो. नवऱ्याबद्दल काहीही बोला, सुनेबद्दल बोला, सासरच्या कोंबड्यांबद्दल बोला, पण कामाबद्दल विचारलं तर हो. मावशी त्या वेळी दातानं दोरा तोडत होती. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "तिलाच विचारा."

एवढंच. मावशी अजून म्हणते, की तोंडात दोरा होता. आई म्हणते, तोंडात दोरा असताना माणूस एवढं स्पष्ट बोलत नाही.

त्यानंतर कित्येक उन्हाळे एकीनं दुसरीशी शब्द काढला नाही. कापड मात्र कापता येत नव्हतं, त्यामुळे दोघी रोज सकाळी समोरासमोर येऊन बसायच्या, रोज थोड्या जवळ. बाबांनी तटस्थ राहायचं ठरवलं आणि ते कॉफीखान्यात जाऊन बसले. जेवायला घरी येतात.

यात माझं अडलं ते असं. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरीला तिच्या घरी सजवतात. व्हायोलिनवाला येतो, ऑलिव्हच्या पानांचा धूर ओवाळून दृष्ट काढतात, आणि शेवटी घरातल्या बायका नवरीच्या कमरेला तांबडा रुमाल बांधतात. मी लहान असताना आई दिवसभर एका दुकानात कामाला असायची, तेव्हा माझ्या वेण्या मावशीनं घातल्या. गोवर आला तेव्हा मी मावशीकडे झोपले होते, आणि मावशीलाही गोवर आला. तो रुमाल तिनं बांधायला हवा होता. आई हवीच होती, पण मावशीही हवी होती. आणि मावशीनं सांगून टाकलं होतं: "कापड पुरं होईल त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवीन. त्याआधी नाही."

लग्न सप्टेंबरात ठरलं. नवरा लार्नाका शहरातला, लोइझोस, फ्रिज दुरुस्त करतो. मी त्याला सांगितलं, की माझ्या लग्नाचं सगळं एका हातभर कापडावर अडलंय. तो म्हणाला, त्याच्या धंद्यातही बहुतेक वेळा असंच निघतं. मोठं यंत्र चांगलं असतं, रबराची एक पट्टी गेलेली असते.

ऑगस्टमधे ब्रिता आली.

ब्रिता स्वीडनची. साठीची असेल, डोक्यावर टोपी, पायात दणकट सँडल. दुपारच्या बसनं आली होती आणि दुपारच्याच बसनं जायची होती. आईच्या खुर्चीपाशी थांबून तिनं विचारलं, "तुम्ही दोघी मिळून करता का हे?"

आई म्हणाली, "समोरच्या बाईंना सांगा, त्यांनी गुंडाळी जरा घट्ट धरावी. कापड लोंबतंय."

ब्रितानं मागे वळून पाहिलं. समोरची बाई अर्ध्या हातावर होती.

"त्यांना ऐकू येत नाही का?"

"येतं की."

ब्रिता वळली आणि म्हणाली, "त्या म्हणतायत, गुंडाळी जरा घट्ट धरा."

मावशी सुई न थांबवता म्हणाली, "त्यांना म्हणावं, कापड लोंबत नाही. त्यांची खुर्ची बुटकी आहे."

पाहुण्यांकडून निरोप पोचवणं हे आमच्या गल्लीत रोजचंच होतं. कुणी हसून पुढे जायचं, कुणी फोटो काढायचं. एक इटालियन जोडपं तर या निरोपांपायी आपापसातच भांडून गेलं. पण ब्रितानं बसायला स्टूल मागितलं. मी आणून दिलं. ती दोघींच्या मधे, थोडी बाजूला, टेनिसच्या सामन्याला पंच बसतो तशी बसली. बस सुटली तेव्हा ती आईला सांगत होती, "त्या म्हणतायत, तुमचं लक्ष मांजराकडे आहे." बसवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. ब्रितानं हात केला, म्हणजे जा.

कॉफीखान्याच्या वरची खोली तिला मिळाली. बाबा शेजारीच असल्यामुळे सामानही त्यांनीच वर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींच्या आधी ती स्टुलावर हजर. मी विचारलं, "तुम्ही स्वीडनमधे काय करता?"

"लिफ्ट तपासायचे. आता निवृत्त झाले."

आमच्या गावात लिफ्ट नाही. मला लगेच तिच्याबद्दल आदर वाटला. समुद्र नसलेल्या गावात नावाडी आल्यासारखं.

"लिफ्टमधे काय तपासतात?"

"बरंच काही. पण लोकांना एकच गोष्ट कळते. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका पातळीत आली का. थोडी जरी वरखाली असली तरी लोक अडखळतात, मग आमच्या नावानं बोलतात."

दोन-तीन दिवसांत ती निरोप्या म्हणून तरबेज झाली. निरोपातले शब्द तसेच ठेवायची पण आवाज खाली आणायची, आणि आईला ते आवडायचं नाही. "मी असं नाही म्हटलं," आई म्हणायची. "मी चिडून म्हटलं." मग ब्रिता चिडून म्हणायची. गल्लीतल्या बायका दारातून ऐकायच्या. गुलाबाच्या लोकुमचं, म्हणजे मऊ गोड वड्यांचं, दुकान चालवणाऱ्या बाईनं तिच्यासाठी एक डबा ठेवून दिला, फुकट.

मग चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा," आई म्हणाली.

"काठानं ही जी नागमोडी जाते..."

"नदी म्हणतात तिला."

"ही नदी तुमच्याकडून येते आणि एक तिकडून येते. मधे भेटणार कशा?"

आईची सुई थांबली. मावशीचीही थांबली. शेजारच्या दारातली बाई, जी मटार सोलत होती, तिचेही हात थांबले.

मी वाकून पाहिलं. आईच्या बाजूनं नदी वर चढत येत होती. मावशीच्या बाजूनं, त्याच काठावर, खाली उतरत येत होती. मधल्या कोऱ्या कापडावर बोटानं दोन्ही ओढून पाहिल्या तर एक निघाली डोंगरावर आणि दुसरी खड्ड्यात. अर्ध्या वळणाचा फरक. मी जन्मल्यापासून या गल्लीत राहते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आई, हे जुळत नाहीये."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"मावशी?"

"मला इस्टरपासून," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "नाही, मलाही हिवाळ्यापासूनच."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक जिची आहे तिनं बोलावं," आई म्हणाली.

"अगदी," मावशी म्हणाली.

मटारवाली बाई म्हणाली, "आम्हाला तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं." आणि पुन्हा सोलू लागली.

उसवायचा प्रश्न नव्हता. या कामात टाके घालण्याआधी कापडातले धागे मोजून कापतात आणि ओढून काढतात, मग उरलेल्या जाळीवर भरतात. टाका उसवता येतो. कापलेला धागा परत कापडात घालता येत नाही. म्हणजे चूक जिनं कुणी केली असेल, ती चूक आता कापडात कायमची होती, आणि लग्नाला तीन आठवडे होते.

त्या रात्री जेवताना मी आईला विचारलं, "सुरुवातीला काय ठरलं होतं तुमचं?"

"उजवीकडून सुरू करायचं. पहिलं वळण बाहेरच्या अंगाला."

"तू तसंच केलंस?"

"पोरी, मी डोळे मिटून केलं तरी तसंच होईल."

मी ताट ठेवलं, गल्ली ओलांडली आणि मावशीच्या स्वयंपाकघरात गेले. ती हलूमी चीजचे तुकडे तळत होती.

"बैस. खाल्लंस?"

"खाल्लं. मावशी, सुरुवात कुठून करायची ठरली होती?"

"उजवीकडून. पहिलं वळण बाहेर."

"आणि तू?"

"उजवीकडून केली. वळण बाहेर. तुझ्या आईनं काय केलं ते देवाला ठाऊक. तिला लहानपणीसुद्धा मोजायचा कंटाळा. शेळ्या मोजायला पाठवलं तर 'पुष्कळ आहेत' म्हणून परत यायची." तिनं माझ्या हातात एक गरम तुकडा दिला. "खा. लग्नात तू वाळलेली दिसशील."

"तू येणार आहेस का लग्नाला?"

"चर्चला येणारच. चर्च देवाचं आहे."

"आणि सकाळी? घरी?"

तिनं उलथण्यानं तव्यातला तुकडा पालथा केला. "कापड पुरं झालं की," ती म्हणाली.

"ते कसं पुरं होणार?"

"ते तुझ्या आईला विचार," मावशी म्हणाली, आणि लगेच ओठ मिटून घेतले.

कॉफीखान्यात या विषयावर फार विचार झाला. तिथल्या पुरुषांपैकी एकालाही सुईत दोरा घालता येत नाही, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. हाम्बिसचं म्हणणं पडलं, की कापड उलटं करा. आमच्या भरतकामाला उलटसुलट बाजू नसते, दोन्हीकडून सारखंच दिसतं, यावर तर आमचं गाव चालतं; तर मग एका बाजूनं जुळत नसेल तर दुसऱ्या बाजूनं जुळेल. हे ऐकून बाबासुद्धा म्हणाले, की यात काहीतरी आहे.

शनिवारी चौघेजण आले. आई आणि मावशी गुंडाळ्या धरून उभ्या राहिल्या. पुरुषांनी खुर्च्या उचलल्या. ब्रिता म्हणाली, "हळू, कोन सांभाळा," तिच्या धंद्याची सवय. दोघींनी हात वर केले, गिरकी घेतली, कापड पालथं झालं आणि त्या पुन्हा बसल्या.

सगळे वाकले. एक नदी वर जात होती. दुसरी खाली.

"दुसरीकडूनसुद्धा सारखंच दिसतं म्हटलं ना मी," हाम्बिस म्हणाला, जणू त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं.

मग कुणीतरी म्हणालं, दोघींनी जागा बदलून बघा. आई म्हणाली, "मी तिच्या खुर्चीवर बसणार नाही." मावशी ब्रिताला म्हणाली, "त्यांना सांगा, माझी खुर्ची त्यांना पेलणार नाही." ब्रितानं ते सांगितलं, चिडून. पुरुष कॉफीखान्यात परत गेले. बाबा जाताना म्हणाले, "आणखी विचार करतो."

मी लोइझोसला फोन केला. तो म्हणाला, त्याच्या आईनं हॉलवाल्यांना टेबलाची लांबी विचारून ठेवलीये, कापडाच्या मापासाठी. मी म्हटलं, मापाचं काही नाही, माप बरोबर आहे.

पुढचे दोन आठवडे दोघी इतक्या सावकाश भरू लागल्या, की बघणाऱ्याला वाटावं फोटोसाठी बसल्यात. कुणालाच मधल्या भागाला हात लावायचा नव्हता. जी आधी हात लावेल तिनं कबूल केल्यासारखं होणार. काठ सोडून दोघींनी कोपरे पक्के केले, मग पक्के केलेले कोपरे पुन्हा पक्के केले. ब्रिताचं परतीचं विमान केव्हाच गेलं होतं. मी तिला विचारलं, घरी कुणी वाट बघत नाही का. ती म्हणाली, "बघतायत. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलंय. आता ते मलाच रोज विचारतात, जुळलं का." मग म्हणाली, "माझ्या भावाचं मत आहे की कापड उलटं करून बघावं."

लग्नाच्या रविवारी सकाळी मी वरच्या खोलीत परकर घालून बसले होते. केस बांधणारी बाई आपलं काम करून गेली होती. खिडकीखाली व्हायोलिनवाला आणि त्याचा लाऊतो हे तंतुवाद्य वाजवणारा साथीदार आले होते, पण खुर्च्यांमुळे त्यांना आमच्या दारापर्यंत येता येईना. ते गल्लीतच उभे राहून नवरी सजवायचं गाणं वाजवू लागले. गाणं संपलं. मी थांबले. पुन्हा सुरू झालं.

मी खिडकीतून डोकावले. आई खुर्चीवर, मावशी खुर्चीवर, दोघी रविवारच्या काळ्या कपड्यांत, मांडीवर कापड. ब्रिता टोपी काढून स्टुलावर.

"आई, तू वर येणार आहेस का?"

"येते. हे कुणी धरतंय का बघ."

"मावशीच्या मांडीवर ठेव."

मावशी म्हणाली, "ब्रिताबाई, त्यांना सांगा, माझ्या मांडीवर जागा आहे, पण त्यांनी ठेवून दाखवावं."

"त्या म्हणतायत..."

"ऐकलं," आई म्हणाली. "त्यांना सांगा, त्यांनीच आधी माझ्याकडे द्यावं."

व्हायोलिनवाल्यानं तिसऱ्यांदा गाणं सुरू केलं. आता ते जरा जलद वाजत होतं, कारण त्याला दुपारी आणखी एक लग्न होतं.

मी पोशाख खांद्यावर टाकला, बूट हातात घेतले, तांबडा रुमाल दातात धरला आणि खाली गल्लीत गेले. दुसरं काय करणार. मावशी उंबऱ्याच्या आत येणार नव्हती आणि आई कापड सोडणार नव्हती, तर मग उंबऱ्याच्या आत मी एकटी कुणासाठी बसू.

ब्रितानं व्हायोलिनवाल्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं. हाम्बिस वरच्या पायऱ्यांवर होता, त्यालाही लावलं. तो म्हणाला, "मी फक्त गॅसचं बघत होतो," आणि वळला. मटारवाली बाई धूर घेऊन आली, ऑलिव्हची पानं तडतडली, तिनं तीनदा माझ्याभोवती ओवाळलं आणि एकदा खुर्च्यांभोवतीही, राहायला नको म्हणून. आईनं एका हातानं माझ्या पोशाखाच्या गुंड्या लावल्या. दुसरा हात कापडावर. मावशीनं एका हातानं झालर सारखी केली. दुसरा हात कापडावर. दोघींच्या मधे, कापडाच्या काठाशी मी उभी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळा हात.

राहिला रुमाल.

रुमाल एका हातानं बांधता येत नाही. आईनं एक टोक धरलं, ते माझ्या कमरेमागून गेलं, आणि दुसरं टोक मावशीच्या हाताशी आलं. तिनं ते पकडलं. दोघींनी ओढलं. गाठ मारायची तर एकीनं वरून घ्यायला हवं आणि दुसरीनं खालून. दोघींनी वरून घेतलं. रुमाल सुटला. पुन्हा धरला. पुन्हा दोघींनी वरून घेतलं.

ब्रितानं तोंड उघडलं, पण निरोप कुणी दिलाच नव्हता. तिनं ते मिटलं.

"उजवीकडून घे," आई म्हणाली.

मला वाटलं, मला म्हणतेय. पण ती मावशीकडे बघत होती.

"उजवीकडूनच घेतेय," मावशी म्हणाली.

"कुठे घेतेयस? ही डावी झाली."

"तुझी डावी. माझी उजवीच आहे."

मावशीनं हात पुढे करून दाखवला. आईनं आपला हात पुढे केला. माझ्या पोटासमोर दोन उजवे हात एकमेकींच्या विरुद्ध दिशांना बोट दाखवत थांबले.

मग दोघींनी एकदम खाली पाहिलं, कापडाकडे. आईनं आपला उजवा काठ चाचपला. तो काठ समोर मावशीच्या डाव्या हाताशी जात होता. मावशीनं आपला उजवा काठ चाचपला. तो आईच्या डाव्या हाताशी. दोघींनी ठरल्याप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली होती. दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

आमच्याकडे कापड एकीचं असतं. एकच बाई बसते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, उजवी बाजू तिच्यासोबत फिरत राहते. 'कुणाची उजवी' असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे चुकलं कुणाचं?" पायऱ्यांवरून हाम्बिसनं भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

दोघींचे चेहरे पाहून मला वाटलं, हे काही बरं झालं नाही. हिवाळ्यापासून दोघींकडे सांभाळून ठेवलेली एकेक चूक होती, आणि आता दोघींच्याही हातात काहीच उरलं नव्हतं.

"शेळ्या मी मोजल्या होत्या," आई म्हणाली. "त्या खरंच पुष्कळ होत्या."

"बरं," मावशी म्हणाली. "तू खालून घे. मी वरून घेते."

आईनं खालून घेतलं. गाठ बसली, जरा जास्तच घट्ट. लग्नभर मला अर्धाच श्वास घेता येत होता. पण सुटली नाही. मावशीनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "वाळलेलीच दिसतेस." ती आमच्या उंबऱ्यात आली नव्हती, तिचा शब्द मोडला नव्हता. मला तिचा हात मिळाला होता. यावर आणखी काय मागायचं ते मला सुचेना.

आता चर्चला निघायचं होतं. सगळे निघाले. आई आणि मावशी बसूनच.

"आई."

"हो गं. पण हे..."

ब्रिता उठली. तिनं दोन्ही हात पुढे केले. आईनं आपली गुंडाळी तिच्या डाव्या हातावर ठेवली, मावशीनं उजव्यावर. मग दोघी तिला सूचना देऊ लागल्या, एकदम, आणि त्या सूचना एकमेकींच्या उलट होत्या. ब्रिता मान हलवत राहिली. शेवटी तिला आईच्या खुर्चीवर बसवलं, स्टूल पुढ्यात दिलं, आणि आम्ही व्हायोलिनमागून चर्चकडे निघालो.

लग्न चांगलं झालं. पाद्री जरा घाईत होता, लोइझोसचा बूट घट्ट होता. संध्याकाळी हॉलमधे टेबलावर हॉलवाल्यांची पांढरी चादर होती. लोइझोसच्या आईनं ती चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "तुमचं ते कापड?"

"तयार होतंय," आई म्हणाली.

"घाईचं काम नाही ते," मावशी म्हणाली. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, नाहीतर दोघींनी उठून जागा बदलल्या असत्या.

रेसीच्या कढया आल्या, रात्रभर घोटलेले गहू आणि मेंढीचं मटण. लोक वाढून घेऊ लागले. नाच सुरू झाला. मी लोइझोससोबत दुसरी फेरी घेत होते, तेवढ्यात आईनं हातातला चमचा खाली ठेवला.

"झिनोविया. ब्रिता."

मावशीनं कपाळाला हात लावला. "अजून धरून बसली असेल ती."

"तुला सांगितलं होतं, येताना कुणाला तरी सांगून ठेव म्हणून."

"मला? तू मला कधी सांगितलंस? तू तर इतकी वर्षं माझ्याशी..."

"आज सांगितलं. चर्चच्या दारात."

"चर्चच्या दारात तू म्हणालीस, माझा स्कार्फ तिरका आहे."

"तो होताच तिरका."

दोघी उठल्या. आईनं थाळीत रेसी भरली, मावशीनं ती हिसकावून त्यावर आणखी मटण घातलं, आणि दोघी हॉलच्या दारातून बाहेर पडल्या. नाचता नाचता मी दारापर्यंत गेले आणि त्यांना उतारावरून जाताना पाहत राहिले. थाळी दोघींनी दोन बाजूंनी धरली होती. मावशीचा आवाज वळणापर्यंत येत होता.

"मधे काय घालायचं ते मला सुचलंय."

"तुला काय सुचणार."

"ऐकून तर घे."

"बोल."